चंद्रावरच्या तंबोऱ्याची जवारी

तंबोरा एकच, तो छेडणारी बाई एकच, खोली तीच आणि ताराही त्याच. तरी सहा महिन्यांपूर्वी आलेल्या आवाजात तो तंबोरा जिवंत होता आणि बुधवारी आलेल्या आवाजात मेलेला. हे कोडं आमच्या दुकानात दोन दिवस पडून होतं. आणि ते कोडं आहे, असं माझ्याशिवाय कुणाला वाटतच नव्हतं.

मी तस्लीम. मिरजेत राहते, सातवीत आहे. माझे नाना, म्हणजे आईचे वडील, तंबोरे बनवतात. त्यांचं नाव आप्पालाल, पण गाणारी सगळी माणसं त्यांना नानाच म्हणतात. दुकानाच्या माळ्यावर भोपळे वाळत असतात आणि खाली नाना, मी आणि चिमटा असे तिघं काम करतो. चिमटा हा आमचा यंत्रमानव. त्याची बोटं चिमट्यासारखी आहेत म्हणून हे नाव. तो तारा गुंडाळतो, भोपळे उचलतो आणि विचारलं तेवढंच बोलतो. हा गुण माझ्यात नाही, असं नाना म्हणतात.

आधी जवारी म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. तंबोऱ्याची तार छेडली की नुसता 'टंग' असा आवाज येऊन संपत नाही. त्या एका आवाजातून बारीक बारीक, उंच उंच सूर सुटत राहतात आणि सगळी खोली झिणझिणते. ती झिणझिण म्हणजे जवारी. ती येते घोडीमुळे. घोडी (भोपळ्यावरची हाडाची चपटी पट्टी, जिच्यावर तारा टेकतात) वरून सपाट दिसते, पण तिला डोळ्याला न दिसणारा उतार असतो. थरथरणारी तार त्या उताराला हलकेच घासत राहते, म्हणून ते उंच सूर सुटतात. तार आणि घोडीच्या मध्ये सुताचा एक दोराही असतो. तो मागेपुढे सरकवून जवारी नेमकी जुळवतात.

वाजवून वाजवून घोडी झिजते आणि जवारी बंद होते, म्हणजे तार मुकी होते. मग लोक तंबोरा उचलून मिरजेला येतात आणि नाना कानशीने घोडी घासून जवारी पुन्हा काढून देतात. यात एकच भीती असते. घासलेलं हाड परत येत नाही. जास्त घासलं की घोडी फुकट गेली.

म्हणूनच नानांचा नियम होता की वाद्य समोर असल्याशिवाय निदान करायचं नाही. कुणी फोनवर तार छेडून विचारलं, "नाना, कशी वाटते जवारी?" की नाना एकच उत्तर देत, "पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल, हे आपल्याकडे चालत नाही. तंबोरा घेऊन या."

पण डॉ. अन्वी सोनटक्के तंबोरा घेऊन येणार कशा? त्या चंद्रावर होत्या.

अन्वीताई चांद्रतळावर तिथल्या मातीचा अभ्यास करतात. जाताना त्यांनी नानांकडून एक छोटा, हलका तंबोरा बनवून घेतला होता. नानांचे तंबोरे कुठे कुठे गेले आहेत, पण पृथ्वी सोडून गेलेला हा पहिलाच. अन्वीताई एकदा म्हणाल्या होत्या, "नाना, इथे खिडकीबाहेर पाखरू नाही, वारा नाही, झाडाचं पान हलत नाही. मी तंबोरा मांडीवर घेते तेव्हाच माझी सकाळ होते." म्हणून त्यांच्यासाठी नानांनी स्वतःचा नियम मोडला. दर सहा महिन्यांनी ताईंनी आवाज पाठवायचा आणि नानांनी तो ऐकून सांगायचं, असं ठरलं.

बुधवारच्या आवाजात अन्वीताई सुरुवातीला बोलल्या होत्या. "नाना, मला तर तंबोरा पूर्वीसारखाच वाटतो. पण रोज ऐकून माझा कान सरावला असेल. तुमच्या कानावर माझा विश्वास आहे, तुम्ही सांगाल ते खरं."

नानांनी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. "बंद झालीय. घासावी लागणार."

झालं. नाना म्हणाले म्हणजे जवारी बंदच झाली असणार. अन्वीताईंनी स्वतःच्या कानावरचा विश्वास सोडला आणि "बरं नाना" म्हणाल्या. मोठमोठे गवईसुद्धा असंच करतात, मी दुकानात बघते ना. चांद्रतळावर दगडाचे पातळ काप काढणारा एक यंत्रहात आहे. शुक्रवारी दुपारी चार वाजता नानांनी इथून सांगायचं आणि त्या हाताने तिथे घोडी घासायची, असं ठरलं. दुसरी घोडी चंद्रावर नव्हती. पुढचं मालवाहू यान सात महिन्यांनी जाणार होतं. घोडी बिघडली तर अन्वीताईंच्या तेवढ्या सगळ्या सकाळी गेल्या.

मी म्हटलं, "नाना, लोक उंटावरून शेळ्या हाकतात. तुम्ही तर मिरजेतून चंद्रावरच्या हाकायला निघालात."

"जीभ फार चालते तुझी. तारा गुंडाळ," नाना म्हणाले.

शुक्रवारी दुपारी नाना नमाजाला गेले. शाळेला सुट्टी होती. मी कानाला हेडफोन लावून दोन्ही फाइली पुन्हा ऐकायला बसले. सहा महिन्यांपूर्वीची लावली की खोली भरून जायची. बुधवारची लावली की डब्यावर टिचकी मारल्यासारखं वाटायचं. सूर मात्र दोन्हींत बरोबर होते. आणि अन्वीताईंचं बोलणं दोन्हींत स्वच्छ कळत होतं. पण नीट कान दिल्यावर बुधवारच्या बोलण्यात एक गोष्ट खटकली. 'सांगाल' मधला स आणि 'विश्वास' मधला श बोथट वाटत होते, तोंडावर रुमाल धरून बोलल्यासारखे. जवारी बिघडली हे मान्य केलं, तरी ताईंचा स कशाने बिघडेल?

"चिमटा, पहिली फाइल केवढी आहे?"

"अठ्ठावीस पूर्णांक आठ एमबी," चिमटा म्हणाला.

"आणि बुधवारची?"

"शून्य पूर्णांक सहा एमबी."

"पण दोन्ही पाच-पाच मिनिटांच्या आहेत की."

"होय."

"मग?"

"तू प्रश्न विचारलेला नाहीस. तू नुसतं 'मग' म्हणालीस."

असा आहे आमचा चिमटा. मी दात आवळून नीट विचारलं, "तेवढ्याच वेळाचा आवाज एका फाइलमध्ये मोठा आणि दुसरीत छोटा कसा काय झाला?"

"आवाज म्हणजे हवेची थरथर," चिमट्याने सुरुवात केली. "माइक ती थरथर मोजतो आणि मापं आकड्यांत लिहितो. पहिल्या फाइलसाठी दर सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार वेळा मोजमाप घेतलं. प्रत्येक माप लिहायला सोळा बिट लागले." बिट म्हणजे संगणकाचं सर्वांत छोटं अक्षर. ते शून्य तरी असतं नाहीतर एक.

"म्हणजे एका सेकंदाला किती बिट लागले?" चिमट्याने उलट मलाच विचारलं.

भोपळ्यावर खुणा करायचा खडू शेजारीच होता. मी एका कच्च्या भोपळ्यावर गुणाकार मांडला. अठ्ठेचाळीस हजार गुणिले सोळा, उत्तर आलं सात लाख अडुसष्ट हजार.

"यालाच बिटरेट म्हणतात. दर सेकंदाच्या आवाजासाठी किती बिट खर्च केले ते. आता पाच मिनिटांचं काढ."

पाच मिनिटं म्हणजे तीनशे सेकंद. सात लाख अडुसष्ट हजारांना तीनशेने गुणलं. आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून आठने भागलं. दोन कोटी अठ्ठ्याऐंशी लाख बाइट, म्हणजेच अठ्ठावीस पूर्णांक आठ एमबी. भोपळा भरला, पण हिशेब तंतोतंत जुळला. फाइलचा आकार म्हणजे बिटरेट गुणिले वेळ, एवढंच. कुणी काय वाजवलं, चांगलं वाजवलं की वाईट, याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

"आणि बुधवारच्या फाइलचा बिटरेट?"

"सोळा हजार. पहिलीच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याएवढा."

"मग बाकीचे बिट गेले कुठे?"

"आवाज लहान करायच्या दोन रीती आहेत," चिमटा म्हणाला. "पहिलीत काही फेकत नाहीत, नुसतं आटोपशीर लिहितात. 'सा सा सा सा सा सा' असं लिहिण्याऐवजी 'सा सहा वेळा' असं लिहायचं. उघडताना पुन्हा पूर्ण सहा सा मिळतात. याला अक्षत संक्षेप (काही न गमावता लहान करणं) म्हणतात. त्याने फाइल साधारण निम्मी होते. त्याहून फार लहान होत नाही."

"आणि दुसरी रीत?"

"दुसरीत फेकतात. माणसाच्या कानाला जे कळणार नाही ते आधी फेकतात. आपलं घासायचं यंत्र चालू असताना नाना गुणगुणत असले तर तुला ऐकू येतं का?"

"नाही."

"पण गुणगुणणं हवेत असतं. मोठ्या आवाजाशेजारचा लहान आवाज कानाला कळत नाही. मग तो कशाला लिहायचा? तसेच माणसाला ऐकूच न येणारे अतिउंच सूरही टाकून देतात. याला सक्षत संक्षेप (काही गमावून लहान करणं) म्हणतात. बिटरेट पुरेसा ठेवला तर फाइल बरीच लहान होते आणि बहुतेकांना फरक कळत नाही."

हे मला पटलं. घरी आम्ही मटकी निवडतो तसंच हे. खडे आणि फोलपटं काढली तर उसळीत काही कमी पडत नाही. पण कुणी सांगितलं की डबा आणखी छोटा आहे, अजून कमी कर, तर मग खडे संपल्यावर मटकीच टाकावी लागते.

"सोळा हजारांत मटकी टाकलीय ना?" मी विचारलं.

"फाइलच्या माथ्यावर लिहिलं आहे, 'साचा: बोलणं'," चिमटा म्हणाला. "एवढ्या कमी बिटांत सगळं मावत नाही. म्हणून हा साचा माणसाचं बोलणं समजण्यापुरतं ठेवतो. सेकंदाला चार हजार थरथरींच्या वरचे सगळे सूर कापतो. बोलण्यात तिथे फक्त स आणि श यांची थोडी धार असते."

त्याने दोन्ही आवाजांची चित्रं भिंतीवर दाखवली. पहिल्या चित्रात तंबोऱ्याच्या सुरांच्या रेघा खालून वरपर्यंत चढत गेल्या होत्या. दुसऱ्यात एका उंचीच्या वर काहीच नव्हतं, न्हाव्याने मशीन फिरवल्यासारखं साफ. आणि जवारी नेमकी तिथेच, वर राहते.

"शिवाय," चिमटा म्हणाला, "हा साचा सतत एकसारखा येणारा आवाज पंख्याचा समजून दाबतो. त्याच्या लेखी तंबोरा हा पंखा आहे."

"हे नानांसमोर बोलू नकोस," मी म्हटलं.

मग हा साचा सहा महिन्यांपूर्वी का नव्हता, तेही चिमट्याने शोधलं. मधल्या काळात चांद्रतळावर नवी माणसं आली होती. पृथ्वीशी बोलायची वाट तेवढीच आणि बोलणारे वाढले. म्हणून प्रत्येकाच्या खासगी निरोपांना दिवसाला तीन एमबी एवढाच वाटा ठरला आणि निरोपांचे आवाज आपोआप बोलण्याच्या साच्यातून जायला लागले. अन्वीताईंना निरोप पोचतोय एवढं कळत होतं. तिथे त्यांच्या कानाशी तंबोरा चांगलाच वाजत होता, मग त्यांना शंका येणार कुठून?

मला वाटलं, सुटलं कोडं. मी म्हटलं, "चिमटा, मग बुधवारची फाइल परत सात लाख अडुसष्ट हजार बिटरेटची कर."

"केली," तो म्हणाला. खरंच, फाइल अठ्ठावीस पूर्णांक आठ एमबीची झाली. मी खुशीत हेडफोन लावले. तीच टिचकी, तोच डबा. काडीचा फरक नाही.

"अरे, हे काय?"

"तू फाइल मोठी कर म्हणालीस. जे फेकलं ते मला कुठून मिळणार? फेकलेल्याच्या जागी मी मोकळ्या जागा लिहिल्या."

मी कपाळाला हात लावला. म्हणजे फाइल मोठी दिसली म्हणून आवाज चांगला असेलच असं नाही. ती आधी कधी लहान झाली होती का, तेही विचारायला हवं. खरा आवाज आता चंद्रावरच होता. आणि चारला यंत्रहात कानस उचलणार होता.

नाना आले तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. मी एका दमात सगळं सांगितलं. नानांनी टोपी खुंटीला अडकवली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "साठ वर्षं हे कान जवारी ऐकतायत. बंद जवारी मला कळत नाही होय?"

"कळते की. पण फाइलमधली बंद आहे, तंबोऱ्यातली नाही."

"आवाज लहानमोठा होतो तस्लीम. जवारी काय लहानमोठी होते? ती असते नाहीतर नसते. चल, सामान लाव, चार वाजत आले."

भोपळ्यावरचं गणित दाखवलं तर म्हणाले, "भोपळा पुसून ठेव." मला रडू यायला लागलं, पण रडून वेळ गेला असता. नानांना आकड्यांनी पटणार नव्हतं. त्यांना पटणार ते कानांनीच.

आमच्या दुकानात भिंतीला एक तंबोरा आहे, थोरला म्हणतो आम्ही त्याला. नानांनी तरुणपणी बनवलेला. तो विकायचा नाही. मागच्याच आठवड्यात नानांनी त्याची जवारी काढली तेव्हा दोन गवई नुसते ऐकत बसले होते. नाना आत पाणी प्यायला गेले तेवढ्यात मी थोरला छेडला, चिमट्याने तो टिपून घेतला आणि मी त्याच्या कानात, म्हणजे कान असतो तिथे, सांगितलं, "बोलण्याच्या साच्यातून काढ. सोळा हजार."

नाना बाहेर आले. मी म्हटलं, "नाना, एका गिऱ्हाइकाचा आवाज आहे. एवढा ऐका."

"आत्ता? बरं लाव." त्यांनी डोळे मिटले. दोन-तीन आवर्तनं ऐकली आणि तोंड वाकडं केलं. "बंद आहे. घोडी पार बसलीय. कुणी काढली होती ही जवारी? कुणीतरी शिकाऊ असणार."

"तुम्हीच काढलीय नाना. मागच्या आठवड्यात. हा थोरला आहे."

नानांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे. उठून थोरल्याजवळ गेले आणि एकच तार छेडली. खोली झिणझिणली. त्यांनी तार बोटाने थांबवली आणि म्हणाले, "पुन्हा लाव ते." मी फाइल लावली. टिचकी, डबा. त्यांनी पुन्हा तार छेडली. असं तीनदा केलं.

मग ते पाटावर बसले. "म्हणजे चांगल्या जिवंत घोडीवर मी कानस चालवणार होतो," ते म्हणाले. "त्या पोरीला तिचा कान बरोबर सांगत होता आणि मी तो खोटा पाडला. पाण्यात म्हैस..."

"नाना, चारला पाचच मिनिटं आहेत."

"मग बघतेस काय? लाव फोन."

चंद्राकडची वाट ठरलेल्या वेळेआधी उघडत नाही. चिमटा विनंत्या पाठवत राहिला, पडद्यावर 'थांबा' एवढंच येत होतं. मला इतकी भीती कधीच वाटली नव्हती. चारला वाट उघडली तेव्हा पडद्यावर दिसलं की अन्वीताईंनी वेळ वाचावा म्हणून सगळी तयारी करून ठेवली होती. तारा सैल केल्या होत्या. घोडी काढून पकडीत बसवली होती. यंत्रहाताने कानस उचलली होती आणि ती घोडीजवळ आणायला सुरुवात केली होती.

"थांबवा," नाना म्हणाले. "हात लावू नका. अन्वीताई, थांबवा."

आवाजाला चंद्रावर पोचायला एका सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो आणि उत्तर यायला तेवढाच. त्या वेळात कानस घोडीच्या दिशेने खाली येत होती आणि आम्ही नुसते बघत होतो. नानांनी माझा हात घट्ट धरला होता. मग कानस हवेतच थांबली.

"थांबवलं नाना," अन्वीताई म्हणाल्या. "काय झालं?"

"जवारी बंद नाही. मी चुकलो," नाना म्हणाले. कसली सबब नाही, काही नाही. "कसं चुकलो ते ही सांगेल."

मी साचा, बिटरेट, मटकी, थोरला, सगळं सांगितलं. अन्वीताईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "म्हणजे माझा कान ठीक आहे? दोन दिवस मला वाटत होतं की इथे राहून माझा सूरच गेला."

"तुमचा कान ठीक आहे आणि माझाही," नाना म्हणाले. "मधली वाट अरुंद आहे. पण आता मला खरा आवाज ऐकल्याशिवाय चैन पडायची नाही. घोडी बसवून पाठवता का?"

"पण ही वाट यंत्रहाताच्या कामापुरतीच मिळालीय. फाइल पाठवायला माझ्याकडे दिवसाला तीनच एमबी आहेत."

आता भोपळ्यावरचं गणित कामाला आलं. मी दुसरा भोपळा घेतला. बोलण्याच्या साच्यात पाच मिनिटं पाठवली तर वाट्यात मावतात, पण जवारी कापली जाते. एक लाख अठ्ठावीस हजार बिटरेटचा संगीताचा साचा घेतला तर तीन मिनिटं मावतात, आणि बहुतेकांना फरक कळणार नाही. काहीच न कापता, न बांधता पाठवलं तर अर्धं मिनिट. आणि न कापता पण आटोपशीर बांधून, म्हणजे अक्षत संक्षेप करून पाठवलं, तर जवळजवळ एक मिनिट.

"वाटा तेवढाच राहणार नाना," मी म्हटलं. "जास्त वेळ हवा असेल तर आवाज कापावा लागेल. आवाज पुरा हवा असेल तर वेळ कापावा लागेल. तुम्ही सांगा."

"बहुतेकांना कळणार नाही म्हणजे मला कळेल," नाना म्हणाले. "थोडं चालेल, पण पुरतं पाठवा."

"एक मिनिट मावेलच असं नाही. फाइल साधारण निम्मी होते, नेमकी किती ते आधी सांगता येत नाही. पन्नास सेकंद टिपावीत," चिमटा म्हणाला. चांगला सल्ला होता तो.

"ठीक आहे," अन्वीताई म्हणाल्या. "पण आजचा सगळा वाटा यातच जाईल. घरी आईला निरोप जाणार नाही. तेवढा तुम्ही तिला फोन करून सांगा."

मी त्यांच्या आईंना सांगलीला फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एक दिवस नाही बोलली तर काय होतंय. तिचा तंबोरा वाजू दे."

घोडी बसवून, तारा चढवून, सूर लावायला अन्वीताईंना तासभर लागला. संध्याकाळी फाइल आली, दोन पूर्णांक आठ एमबीची. नानांनी या वेळी हेडफोन नको म्हटलं. चांगले स्पीकर लावायला सांगितले आणि पाटावर सरळ बसले.

तंबोरा वाजला. दुकानातले बाकीचे तंबोरेसुद्धा त्या आवाजाने बारीक झिणझिणायला लागले. नानांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. पन्नास सेकंद संपली. "आणखी एकदा," ते म्हणाले. मग आणखी एकदा.

चौथ्यांदा ऐकून ते म्हणाले, "अन्वीताईंना कळव. जवारी उत्तम आहे. फक्त पंचमाच्या तारेचा दोरा आज बसवताना केसभर पुढे सरकलाय. बोटाने मागे घ्या. कानस लागणार नाही."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. बोलण्याच्याच साच्यात आलं होतं, पण बोलण्याला तो पुरतो. "दोरा खरंच पुढे होता. मागे घेतला. आज माझी सकाळ झाली."

त्या दिवसापासून आमच्या दुकानातून लांब जाणाऱ्या प्रत्येक तंबोऱ्याच्या मानेला नाना एक चिठ्ठी बांधतात. तिच्यावर लिहिलेलं असतं, 'आवाज पाठवाल तर न कापता पाठवा. थोडा चालेल.' म्हशीची म्हण ते अजून म्हणतात, पण ती म्हणताना आता माझ्याकडे बघतात.

आता मंगळावरच्या तळासाठी एक तंबोरा मागवला आहे. मंगळ फारच लांब. तिथली वाट चंद्राच्या वाटेहूनही अरुंद, पन्नास सेकंदसुद्धा मिळायची मारामार. म्हणून मी आणि चिमट्याने एक नवीन साचा करायला घेतला आहे, खास तंबोऱ्यासाठी. बोलण्याचा साचा करणाऱ्यांना स आणि श माहीत होते, जवारी माहीत नव्हती. तंबोऱ्यातलं काय टाकलं तर चालतं आणि काय टाकलं की जीव जातो, हे सांगणारा माणूस आमच्या दुकानातच बसतो.

रोज मी त्यांना एकच आवाज दोनदा ऐकवते. एक पुरा आणि एक आमच्या साच्यातून काढलेला. कुठला आधी ते सांगत नाही. रोज नाना डोळे मिटतात आणि लगेच बोट दाखवतात, "हा कापलाय." मग मी आणि चिमटा पुन्हा कामाला लागतो. काल मात्र त्यांनी दोन्ही ऐकले, डोळे उघडले, पुन्हा मिटले, पुन्हा दोन्ही ऐकले. आणि मला विचारलं, "तस्लीम, यातला कापलेला कुठला गं?"